सव्वादहाच्या मुंग्या

आमच्या घरी स्कूटर यायची होती, आली डिश. पप्पा रोज सायकलवरून ऑफिसला जात आणि दर दिवाळीला "पुढच्या दिवाळीला स्कूटर" असं जाहीर करत. आई त्यावर नुसती मान हलवायची. मग एका वर्षी गावभर केबलचं वारं शिरलं. सदाशिव पेठेत पप्पांचे एक साहेब राहत. त्यांच्याकडे पप्पा नकाशावर सही घ्यायला गेले आणि परत आले ते डोळे मोठे करून. "अगं, बटण दाबलं की वेगळं चॅनल! परत दाबलं की आणखी वेगळं! मी आपला मोजत बसलो. सही घ्यायची राहूनच गेली." पप्पा सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. सही राहिली असं त्यांच्या उभ्या नोकरीत तेवढं एकदाच झालं.

केबलवाला आमच्याकडेही येणार होता. त्याची काळी वायर खांबाखांबावरून सरकत आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि थांबली. "तुमच्याकडं घरं कमी, परवडत नाही," असं त्याने सांगितलं. आमच्या गल्लीत सतरा घरं होती. पलीकडच्या गल्लीत अकरा होती, तिकडे वायर गेली. आमची सतराही घरं बौद्धांची, हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक आहे हे आम्हालाही ठाऊक होतं. पप्पा त्याच्याशी भांडले नाहीत. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर आता पन्नाशी उलटल्यावरही थोडा येतो. पण घरी येऊन चपला काढता काढता ते म्हणाले, "त्याच्या वायरीत तरी कुठून येतं? आकाशातूनच ना? मग मधला माणूस हवा कशाला?" आणि स्कूटर तिथेच संपली.

आमचं घर येरवड्यात, तुरुंगाच्या टोलाच्या टप्प्यात. तासातासाला टोल पडायचे, त्यामुळे भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तरी कोणी लगेच मनावर घ्यायचं नाही. डोक्यावरून लोहगावची विमानं जायची आणि तेवढा वेळ घरातलं बोलणं अर्ध्यावर थांबायचं. विमान गेलं की प्रत्येकजण आपलं वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे सुरू करायचा. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना हा प्रकार विचित्र वाटे. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, वर स्लॅबची गच्ची. आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. संध्याकाळी चुलीपाशी, म्हणजे गॅस आला तरी आम्ही चूलच म्हणायचो, तिथे तिच्या एका हाताला बाजरीचं पीठ असायचं आणि दुसऱ्या बाजूला सातवीच्या वह्यांचा गठ्ठा. भाकरी फुगेपर्यंत एक वही तपासून व्हायची. काही वह्यांना सुकटीचा वास यायचा, आणि त्या मुलींनी कधी तक्रार केली नाही, कारण त्यांच्याही घरी तोच वास होता.

त्या घरात मी नापास होऊन आले होते. बारावीनंतर हट्टाने इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला गेले. वर्गात बावन्न मुलगे आणि आम्ही तिघी. प्रॅक्टिकलला ठरूनच गेलं होतं: जोडणी मुलगे करणार आणि जर्नल आम्ही लिहिणार, कारण आमचं अक्षर चांगलं. मला वाटायचं, माझं काय वाईट चाललंय! आकृत्या तर माझ्याच सगळ्यात सुबक, ड्राफ्ट्समनची मुलगी मी. मग परीक्षेत सरांनी तारा हातात दिल्या आणि म्हणाले, "हं, जोडा." मी वर्षभरात पहिल्यांदा तार हातात धरत होते. जोडलं, आणि मीटरमधून धूर आला. बाकी सगळ्या विषयांत पास, प्रॅक्टिकलला नापास; वर्ग पुढे चालू, ते तेवढं पुन्हा द्यायचं. घरी हे सांगितलं तेव्हा नेमकं विमान गेलं नाही, सगळं स्वच्छ ऐकू गेलं.

आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "जूनमध्ये डी.एड.ला जा. माझ्या ओळखीच्या बाई आहेत तिथे. दोन वर्षं, मग शाळा, मग पेन्शन." मी म्हटलं, आता नव्या कंपन्या येणार आहेत, सगळं खुलं होणार आहे, पेपरात रोज येतंय. त्यावर आई म्हणाली, "येऊ देत की. दारात उभं राहिल्यावर आत कुणाला घेतात ते आधी बघू. सरकारी नोकरीत निदान यादी लावावी लागते भिंतीवर." पुढे तीस वर्षं मी त्याच खुल्या झालेल्या कंपन्यांत काढली. आईचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, एवढंच इथे नोंदवते.

मध्ये पडले पप्पा. म्हणाले, "डिश घ्यायचीच आहे. ती सुजाता निवडेल आणि तीच जोडेल." आईने वहीतून डोकं वर केलं. "आणि नाही चाललं तर?"  मग मीच बोलून गेले, "नाही चाललं तर जूनमध्ये डी.एड.ला जाईन. चाललं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही." आई म्हणाली, "ठरलं," आणि वहीवर बरोबरची खूण केली. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तशीच उभी राहिले.

पण दुसऱ्या दिवसापासून जी मजा सुरू झाली ती काय सांगू! पप्पांनी पेपरातल्या जाहिरातींवरून मुंबई, दिल्ली, बंगळूर, जिथला पत्ता सापडेल तिथे पोस्टकार्डं टाकली: 'कृपया आपले माहितीपत्रक पाठवावे.' आणि माहितीपत्रकं यायला लागली! जाड, गुळगुळीत कागदाची, रंगीत, तेलकट वासाची. पोस्टमन आमच्याकडे जरा आदराने बघू लागला. इंग्रजी मी वाचायची, पप्पा ट्रेसिंग पेपरवर तक्ता आखायचे. त्यांच्या त्या सरळ, तिरक्या न होणाऱ्या अक्षरात वर लिहिलं होतं, 'डिश', 'एलएनबी', 'रिसीव्हर'. कॉलेजच्या लायब्ररीतून एक पुस्तक आणलं होतं. त्याची पानं एकमेकांना चिकटलेली, कोणी कधी उघडलंच नव्हतं. ते वाचताना मला पहिल्यांदा असं झालं की पुढच्या पानावर काय आहे म्हणून जेवण थांबवलं.

मला कळलं ते असं. आकाशात विषुववृत्ताच्या वर, फार फार उंच, एक उपग्रह जागचा हलत नाही. निदान खालून आपल्याला तसं दिसतं. तो जे पाठवतो ते आपल्या गच्चीपर्यंत येईतो इतकं क्षीण झालेलं असतं की ते गोळा करायला मोठं ताट लागतं, ती डिश. ताटावर पडलेलं सगळं परतून एका बिंदूत जमतं, तिथे एक डबा टांगतात, तो एलएनबी. तो त्या क्षीण संदेशाला मोठं करून वायरीतून खाली घरात रिसीव्हरकडे धाडतो, आणि रिसीव्हर त्याचं चित्र करतो. गोम त्या डब्यात. प्रत्येक वस्तूत उष्णता असते, आणि उष्णता असली की ती आपली बारीक खरखर त्या संदेशात मिसळते. पडद्यावर आपण ज्यांना मुंग्या म्हणतो त्या हीच खरखर. म्हणून त्या डब्याची प्रतवारी चक्क तापमानाच्या अंशांत करतात. आकडा जितका कमी, तितका डबा शांत. उष्णता आवाज करते! मी हे आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "मीठ दे."

खरेदीला आम्ही शनिवार पेठेत लिमये यांच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे एक अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना उघडे पडलेले रेडिओ, आणि शेवटी जाड चष्मा लावलेले लिमयेकाका. आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो तरी त्यांनी मान वर केली नाही.

"डिश घ्यायची होती," पप्पा म्हणाले.

"घ्या. कोणी धरलंय?"

"काय काय प्रकार आहेत आपल्याकडे?"

"अहो, हे साड्यांचं दुकान नाही. काय हवं ते ठरवून आला असाल तर बोला. एक वाजता बंद होतं."

मी तक्ता पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ वाचला. "हे अक्षर कोणाचं?" "यांचं." "आणि डोकं?" मी म्हटलं, "माझं." "मग तुम्ही बोला. हे थांबतील." पप्पा आनंदाने थांबले.

"सहा फुटी फायबरची न्या," लिमयेकाका म्हणाले. "एकसंध, दिसायला गोंडस. सगळे नेतात."

"मला आठ फुटी, जाळीची हवी. सहा फुटीत चित्र येतं, पण मुंग्या राहतात. आणि आमची गच्ची उघड्यावर आहे. जाळीतून वारा निघून जातो, पत्र्यासारखा अडत नाही."

"मुंग्या घरात साखर सांडली तरी येतात, त्याला कोणी साखर बंद करत नाही. बरं, आठ फुटी. पुढे?"

त्यांनी खणातून दोन एलएनबी काढून टेबलावर ठेवले, एकसारखे दिसणारे. एकावर चाळीस, दुसऱ्यावर पंचवीस. "कुठला?" पप्पा न राहवून म्हणाले, "चाळीसचा चांगला असेल ना? जास्त आहे." मी पंचवीसवाला उचलला. लिमयेकाकांनी पप्पांकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही अक्षरावर लक्ष द्या."

खरा वाद झाला रिसीव्हरवर. एक होता काळा, चकचकीत, रिमोटवाला, लाल आकडे चमकणारा. दुसरा राखाडी, ओबडधोबड, रिमोट नाही, पण त्याला संदेशाचं बळ दाखवणारा एक काटा होता, वजनकाट्यासारखा डावी-उजवीकडे हलणारा. बटण दाबल्यावर चॅनल बदलतं म्हणून ज्यांनी स्कूटर सोडली, ते पप्पा त्या रिमोटकडे असे बघत होते की मला भरून आलं. पण मी राखाडी घेतला. डिश फिरवताना कुठे थांबायचं हे काट्याशिवाय कळणार कसं? "हा वर्षभर कोणी नेला नाही," लिमयेकाका कागदात गुंडाळत म्हणाले. "तुम्ही पहिल्या. बिघडला तर आणा. कळलं नाही तर आणू नका, पुस्तक वाचा." मला ते शब्द बक्षिसासारखे वाटले. बाहेर पडताना पप्पा म्हणाले, "माणूस चांगला आहे." आणि पुण्यात वाढलेल्या कोणालाही ते पटेल.

डिश भोसरीच्या एका वर्कशॉपमधून टेम्पोत आली, आठ पाकळ्या सुट्या, वर दोरीने बांधलेल्या. मार्चमधला शनिवार होता. शांताराममामा, आईचे थोरले भाऊ, एका कारखान्यात फिटर, ते आपले पान्हे घेऊन हजर झाले. गच्चीच्या एका अंगाला आईच्या साबुदाण्याच्या पापड्या वाळत होत्या, उरलेल्या जागेत आम्ही. मामांचा हात इतका सफाईचा की बघत राहावं. पण मी म्हटलं, "मामा, तुम्ही सांगा, नट मी आवळते." मामा आधी हसले, मग खरंच पान्हा दिला. दुपारपर्यंत माझ्या तळहाताला फोड आले आणि मी ते सगळ्यांना दाखवत सुटले. आग्नेय दिशा पप्पांनी ऑफिसच्या होकायंत्राने काढून दिली, कोन मी कोनमापकाला दोरी-वजन बांधून मोजला. मग पप्पा खाली काट्यापाशी, मी वर डिशपाशी, आणि जिन्यात गल्लीतली माणसं निरोप पोचवायला.

"हलला!" खालून आरोळी. "किती?" "जरासा!" "आता?" "पडला!" "आता?" मग खालून काहीच आवाज येईना. मी वाकून ओरडले, "अहो पप्पा, काटा काय म्हणतो?" तर पप्पांचा आवाज आला, चिरका, ओळखू न येणारा, "काट्याचं सोड! बाई दिसतेय! बातम्या सांगतेय!" मी जिना कसा उतरले आठवत नाही. पडद्यावर एक परदेशी बाई, स्वच्छ, एकही मुंगी नाही. जिन्यातली माणसं खोलीत, खोलीतली माणसं खिडकीत. मी ओक्साबोक्शी रडले. पान्हा हातातच होता. आई दारात पदराला हात पुसत उभी होती. तिने चित्र बघितलं आणि म्हणाली, "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, पप्पांनी अख्खी गल्ली बोलावली होती. आईने पातेलंभर खीर केली होती. आधी सगळ्यांनी मिळून त्रिसरण-पंचशील म्हटलं, मग रिसीव्हर लावला. कुठल्याशा दूरदेशी क्रिकेटचा सामना चालू होता, शेवटची षटकं. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या सरूमावशींना क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं, पण त्या म्हणत होत्या, "गवत बघ गं किती हिरवं!" खिरीच्या वाट्या फिरत होत्या. मी टीव्हीशेजारी स्टुलावर, लग्नातल्या नवरीच्या जागी.

आणि दहा वाजून गेल्यावर एक मुंगी आली. मग चार आल्या. मग हिरवं गवत कुठे आणि चेंडू कुठे काही कळेना, सगळा पडदा पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांनी खदखदायला लागला आणि आवाजाच्या जागी नुसती फसफस.  कोणीतरी वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मी आईकडे बघायचं टाळत होते, तरी बघितलंच. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव असता तर मला सोसला असता. तिला माझी कीव आली होती.

"नट ढिला झाला," मामा उठले. त्यांच्या जगात जे जे बंद पडतं ते नट ढिला झाल्यामुळे. पान्हा घेऊन ते जिन्याकडे निघाले, मागून पप्पा, त्यांच्यामागून चार जण, प्रत्येकाला डिश कुठे फिरवायची हे ठाऊक होतं. मीही उठले, आणि उठता उठता रिसीव्हरकडे नजर गेली. काटा पडलेला नव्हता. काटा वर गेला होता! काल दिवसभरात गेला नव्हता इतका उजवीकडे, पार टोकाला. डिश हलली असती तर कमी आलं असतं, काटा पडला असता. इथे तर नेहमीपेक्षा जास्त काहीतरी येत होतं, भसाभसा येत होतं, आणि त्यात चित्र बुडालं होतं. मी माणसांना ढकलत, एका वाटीवर पाय देत, जिना चढले.

वर लख्ख ऊन. मामा पान्हा नटावर ठेवत होते. आणि मी बघितलं, डिशच्या तोंडासमोर टांगलेल्या त्या डब्याची सावली जाळीच्या बरोबर मध्यावर पडली होती. थोडी डावीकडे नाही, वर नाही, नेमकी मधोमध. म्हणजे सूर्य, डबा आणि डिशचा मध्य एका रेषेत. पण त्याच रेषेत वर उपग्रहही आहे! म्हणजे या घडीला सूर्य उपग्रहाच्या पाठीशी येऊन उभा आहे. पंचवीस अंश आणि चाळीस अंश यावर मी दुकानात भांडले होते, आणि इथे अख्खा सूर्य डिशमध्ये ओतला जात होता. उष्णता आवाज करते. 

"मामा, हात काढा."

"अगं, अर्धा वळसा—"

"हात काढा म्हणते ना! कोणीही हात लावायचा नाही. पप्पा, तुम्हीपण नाही." मी डिशच्या आणि त्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. थोरल्यांशी असं बोलायची पद्धत आमच्या घरात नव्हती. मामांचा चेहरा पडला. "डिश जागेवर आहे. सूर्य आड आलाय. तो सरकला की पाच-दहा मिनिटांत चित्र आपोआप येईल."  हे मी कुठे वाचलेलं नव्हतं, आत्ता तिथे उभ्या उभ्या जुळवलं होतं. ती मिनिटं फार लांबली. सावली हळूहळू मध्यापासून घसरायला लागली. आणि खालून सरूमावशींचा आवाज आला, "आलं गं बाई, गवत आलं!"

मामांनीच मला पहिल्यांदा उचलून घेतलं, अठरा वर्षांच्या घोडीला. खाली जल्लोष. पण आई आमच्या मागोमाग गच्चीवर आली होती, हे मला कळलंच नव्हतं. ती पापड्यांपाशी उभी राहून सगळं ऐकत होती. मी म्हटलं, "आई, चाललं ना?" ती म्हणाली, "उत्तर बरोबर आलं. रीत बरोबर आहे कशावरून?" शाळेत तिचा तोच नियम होता. गणिताचं उत्तर जुळलं आणि रीत नसली तर ती शून्य द्यायची, मग ती मुलगी कोणाचीही असो. "सूर्य आज आड आला, तर उद्याही येईल?"

मी विचार केला. सूर्य रोज थोडा उत्तरेला सरकतो, अगदी थोडा. "येईल. उद्याही येईल, परवाही. याच वेळेला. मग पुढे निघून जाईल आणि काही होणार नाही." ती म्हणाली, "बरं. उद्या." हे कबूल करताना माझी जी अवस्था होती, ती पुढे कुठल्याही मुलाखतीला झाली नाही.

सोमवारी आईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. माझ्या आठवणीत ताप असतानाही तिने रजा टाकली नव्हती. पप्पा ऑफिसला गेले, जाताना तीनदा मागे वळून बघत. आम्ही दोघीच टीव्हीसमोर, आईच्या मांडीवर तिचं मनगटी घड्याळ काढून ठेवलेलं. तुरुंगाचे दहा टोल पडले. पडद्यावर कुठल्यातरी देशातला कोणीतरी पाव भाजत होता. दहा वाजून पाच. दहा वाजून दहा. पाव स्वच्छ दिसत होता आणि मी मनात म्हणत होते, बिघड रे, बिघड! आपल्याच यंत्राने बिघडावं म्हणून इतकी आस कोणी धरली नसेल. आईने माझं मनगट धरलं होतं. आणि पहिली मुंगी आली. आईची बोटं आवळली. मग पाव गेला, माणूस गेला, फसफस सुरू झाली, काटा उजवीकडे चढला. आई उठली आणि जवळजवळ पळत गच्चीवर गेली. मी मागून. सावली मधोमध. आई ती सावली बघत उभी राहिली, मग वर न बघता, डोळ्यांवर पदर धरून तिने सूर्याच्या बाजूला हात केला आणि म्हणाली, "म्हणजे तो तिथे आहे. आत्ता. तुझा उपग्रह."

"हो."

"सांग बरं पहिल्यापासून."

मी सांगितलं. परात, वाटी आणि लाटणं घेऊन सांगितलं. तिने मध्ये मध्ये असे प्रश्न विचारले की आमच्या कॉलेजातही कोणी विचारले नसते: रात्री का होत नाही, पुन्हा कधी होईल, मुंबईला याच वेळेला होईल का. शेवटचा मला येईना, तेव्हा आम्ही दोघींनी मिळून पृथ्वी म्हणून कांदा घेतला आणि उत्तर काढलं: मुंबईला थोडं पुढे-मागे, याच वेळेला नाही. खाली चित्र केव्हाच परत आलं होतं, आमच्या लक्षातही नव्हतं. कांदा हातात फिरवत आई म्हणाली, "मला विज्ञान फार आवडायचं. डी.एड.ला घातलं तेव्हा मला कोणी काही विचारलंच नव्हतं." एवढंच म्हणाली, आणि तोच कांदा चिरायला घेतला.  मी बाजूला बसून लसूण सोलत राहिले.

मंगळवारी सकाळी मी कॉलेजला निघायच्या बेतात होते. गल्लीच्या तोंडाशी कलकलाट ऐकू आला. बघते तर आई, पुढे ती आणि मागे दोन-दोनच्या रांगेत तिचा सातवीचा वर्ग, निळे परकर-पोलके, लाल रिबिनी, अडतीस मुली. मुख्याध्यापकांना तिने विज्ञानाचा तास म्हणून सांगितलं होतं. केबलवाल्याची वायर जिथे थांबली होती, त्या खांबाखालून ती रांग आत आली. अर्ध्या मुली खोलीत टीव्हीसमोर, अर्ध्या वर गच्चीवर, जाळीभोवती. पापड्या आईने आदल्या दिवशीच काढून ठेवल्या होत्या. सव्वादहाला खालून किंचाळ्या आल्या, "गेलं! गेलं!" आणि वरून, "आली! मधोमध आली!" मग खालच्या वर पळाल्या, वरच्या खाली, जिन्यात नुसता गोंधळ, कोणाची रिबीन सुटली, कोणी पडली, चित्र गेलं म्हणून टाळ्या वाजत होत्या.

आईने हातातली पट्टी कठड्यावर आपटली. सगळ्या गप्प झाल्या. तिने मला खांद्याला धरून पुढे केलं.

"ही माझी मुलगी," ती म्हणाली. "इलेक्ट्रॉनिक्स शिकते. आता काय विचारायचं ते हिला विचारा. मलाही एक विचारायचंय, पण आधी तुम्ही."